सीएमएलचा खर्च: कुठे वाचवाल, कुठे मुळीच वाचवू नका

रक्ताचा कॅन्सर म्हटले की घरात पहिला प्रश्न असतो 'बरे होईल ना?' आणि पाठोपाठ दुसरा, 'किती लागतील?' रिपोर्टवर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, असे लिहिले असेल तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज पुष्कळ दिलासा देणारी आहेत. मात्र गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात, बहुतेकदा कमावत्या माणसालाच गाठतो. म्हणून एकदाचा मोठा आकडा विचारत बसू नका. महिन्याला किती आणि दर तीन महिन्यांना किती, असा हिशेब मांडा.

पैसे कशावर जातात ते कळायला आधी आजार समजून घ्यावा लागतो. पेशीने कधी वाढायचे आणि कधी थांबायचे, याचे निरोप पोचवणारी प्रथिने पेशीच्या आत असतात. एबीएल हे त्यांपैकीच एक. ते गरजेपुरते चालू होते आणि बंद पडते. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचे जोड-प्रथिन तयार होते. या अदलाबदलीत आखूड झालेले २२ क्रमांकाचे गुणसूत्र पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिले. अदलाबदलीचा उलगडा जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये केला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटावा तसे हे प्रथिन बंदच होत नाही. पेशीचे इंधन असलेल्या एटीपीमधला फॉस्फेट उचलून ते पुढच्या प्रथिनांना चिकटवत राहते, आणि 'वाढा, मरू नका' हा निरोप पेशीकेंद्रापर्यंत अखंड जातो. इमॅटिनिबची गोळी नेमकी एटीपीच्या खाचेत जाऊन बसते आणि निरोप थांबतो. पण बिघडलेले जनुक जागेवरच राहते. औषध शरीरातून उतरले की प्रथिन पुन्हा कामाला लागते.

आता गोळीची किंमत. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय जेनेरिकचा ८ ते १० हजारांच्या घरात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे ग्लिव्हेकचे पेटंट नाकारले आणि जेनेरिकची वाट कायमची मोकळी झाली. या निकालाचे मोल सीएमएलच्या घरांनाच कळते. आज अनेक कंपन्या ही गोळी बनवतात. ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने कमाल किंमत सरकार ठरवते. 'फार्मा सही दाम' ॲपवर ती पाहता येते. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत मोठी तफावत असते, म्हणून रुग्णालयाची फार्मसी, अमृत फार्मसी, जनऔषधी केंद्र आणि गावातले दुकान अशा चार ठिकाणी एका गोळीचा भाव विचारा. नेहमीचा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम. १०० च्या चार गोळ्या आणि ४०० ची एक, यांचाही भाव ताडून पाहा. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. मळमळ कमी होते. चांगल्या कंपनीची जेनेरिक डॉक्टरांना सांगून घेतली तर इथे बिनधास्त वाचवा.

डोस चुकवून मात्र वाचवू नका. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ८७ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत आजार खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत ९४.५ टक्के होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. महिन्यातून तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्क्यांची ही रेघ गाठलीच. म्हणून पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवे आणून ठेवा.

काटकसरीची दुसरी चुकीची जागा म्हणजे तपासणी. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची गणती, दोन-चारशे रुपयांत होते आणि सुरुवातीच्या काही महिन्यांतच बरी दिसू लागते. ती पाहून पुष्कळ जण बीसीआर-एबीएलची क्वांटिटेटिव्ह पीसीआर टाळतात, कारण खासगी लॅबमध्ये तिला साधारण पाच-सात हजार रुपये पडतात. पण पेशींची गणती बरी दिसली तरी बीसीआर-एबीएल किती उरले आहे, हे पीसीआरच सांगते. रिपोर्टवर 'आयएस' (इंटरनॅशनल स्केल) लिहिलेला टक्केवारीचा आकडा शोधा. तो ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांनी १ टक्का किंवा कमी आणि १२ महिन्यांनी ०.१ टक्का किंवा कमी असावा. 'आयएस' नसेल तर दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, म्हणून शक्यतो एकच लॅब धरा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त देणार असाल तर नमुना प्रत्यक्ष कुठे आणि किती तासांत पोचतो, ते विचारा. उशीर झाला की आरएनए खराब होतो, आणि पैसे देऊनही रिपोर्ट निरुपयोगी ठरतो. शनिवारी संध्याकाळी नमुना देऊ नका.

आकडा उतरेनासा झाला की डॉक्टर डॅसाटिनिब किंवा निलोटिनिबचा विचार करतात. त्याआधी म्युटेशनची तपासणी झाली का, हे विचारणे तुमचा हक्क आहे. टी३१५आय हा बदल निघाला तर या दोन्ही गोळ्यांचा उपयोग होत नाही. पोनाटिनिब किंवा ॲसिमिनिबकडे वळावे लागते. ती औषधे बरीच महाग आहेत, ॲसिमिनिबवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे तरीही. आणखी एक गोष्ट: डॅसाटिनिब घेणाऱ्याने पॅन्टोप्राझोलसारखी गॅसची गोळी मनाने घेऊ नये. पोटातले आम्ल कमी झाले की महागडे औषध नीट शोषलेच जात नाही.

मदतीचे मार्ग निदानाच्या दिवसापासूनच धरा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणत्या तपासण्या आणि गोळ्या बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा असेल तर 'ओरल केमोथेरपी' पॉलिसीत आहे का आणि तिची मर्यादा किती, हे विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या टीपीएकडून लेखी घ्या. २०१९ च्या नियमांनंतर कंपनीला ती सरसकट वगळता येत नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत कर्करोगावरच्या खर्चासाठी ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वजावट मिळत आली आहे. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन लागते. उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे रुग्णाला पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा फॉर्म भरून घ्यायला विसरू नका.

आकडा काही वर्षे अगदी तळाला राहिला तर गोळी थांबवून पाहता येते, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. साधारण निम्म्या रुग्णांत आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केली की जवळजवळ सर्वांत आटोक्यात येतो. पण त्या काळात पीसीआर दरमहा करावी लागते. त्यामुळे गोळी बंद असतानाचे पहिले वर्ष गोळी चालू असतानाच्या वर्षापेक्षा महाग पडू शकते. ते पैसे बाजूला काढूनच हा निर्णय घ्या.