हळदीचा फोटो घरीच छापा, रंग न बिघडवता

पहिल्या प्रयोगासाठी लग्नातला हळदीचा एखादा फोटो घ्या. त्यात भडक पिवळा आहे, माणसांचे चेहरे आहेत, कुणाचा तरी पांढरा सदरा आहे. रंग कुठे घसरला, ते अशा फोटोत लगेच दिसतं. शाईच्या टाकीचा प्रिंटर, प्रिंटरच्याच कंपनीचा ग्लॉसी फोटो पेपर आणि फोटोशॉप असलेला कॉम्प्युटर, एवढं पुरे. चला, बसा टेबलाशी!

१. साध्या कागदावर नोझल चेक छापा. रेषा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग करा. दोन-तीनदा करूनही तुटक येत असतील तर थांबा, प्रिंटर बंद करून रात्रभर राहू द्या. उगाच शाई वाया जाते.

२. कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद करा. तो चालू असेल तर पांढरा सदरा पिवळट दिसेल आणि तुम्ही नसलेला पिवळेपणा काढत बसाल.

३. मॉनिटर एसआरजीबी किंवा ६५००के मोडवर ठेवा. व्हिविड मोड नको. तसे भडक रंग कागदावर उतरत नाहीत.

४. मॉनिटरचा उजेड कमी करा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत खाली या. हे नीट, सावकाश करा. ‘फोटो काळपट आला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते: झगझगीत स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो गडद ठेवतो. कॅलिब्रेटर असेल तर ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान ठेवा.

५. तुमच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, बसवा. कंपनीच्या कागदाचं प्रोफाइल बहुधा ड्रायव्हरबरोबरच येतं. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर तिच्या साइटवरून उतरवा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’ निवडा. प्रोफाइल तुमच्याच प्रिंटर मॉडेलचं आहे ना, ते बघा.

६. आता फोटोशॉपमध्ये फोटो उघडा. प्रोफाइलबद्दल विचारलं तर फोटोतलं आहे तेच ठेवा. ‘डिस्कार्ड’ अजिबात नको. आयफोनचे फोटो तर तिथेच फिके पडतात.

७. व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम असं जाऊन कागदाचं प्रोफाइल निवडा. फोटो जरा मंद झाला तर घाबरू नका, कागदावर तो साधारण असाच दिसणार आहे.

८. चेहरे बघून उजेड दुरुस्त करा. वेगळ्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर करा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. पिवळ्याच्या मागे लागून चेहरे कावीळ झाल्यासारखे करू नका.

९. कागद ट्रेमध्ये लावा. कडेनं धरा, चकचकीत बाजूला बोटं लावू नका. पावसाळ्यात उरलेले कागद लगेच पिशवीत बंद करा.

१०. प्रिंटच्या खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा.

११. त्याखाली कागदाचं प्रोफाइल निवडा. रेंडरिंग इंटेंट ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ ठेवा आणि ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’वर खूण करा.

१२. प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन कागदाचा प्रकार निवडा. इथे ‘प्लेन पेपर’ राहिलं तर ग्लॉसी कागदावर शाईचा हिशेबच चुकतो.

१३. त्याच खिडकीत प्रिंटरची रंगदुरुस्ती बंद करा. एप्सनमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’, कॅननमध्ये कलर मॅचिंग ‘नन’. ही पायरी विसरू नका, अगदी विसरू नका! नाहीतर रंग एकदा फोटोशॉप बदलतं, मग प्रिंटर पुन्हा बदलतो, आणि चेहरे लालभडक येतात. कागदाचं प्रोफाइल मिळालंच नसेल तर उलट करा: फोटो एसआरजीबीत बदलून घ्या, दहाव्या पायरीवर ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडा, सातवी आणि अकरावी गाळा आणि इथली दुरुस्ती चालू ठेवा. रंग एकानेच सांभाळायचे.

१४. आधी चेहरा आणि हळद येईल एवढाच तुकडा ४x६ इंची कागदावर छापा. थेट मोठा कागद लावू नका.

१५. नमुना रात्रभर वाळू द्या. ओला असताना रंग ठरवू नका, वाळताना ते थोडे बदलतात.

१६. दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा. थेट ऊन नको, आणि पिवळ्या बल्बखाली तर मुळीच नको.

१७. रंग हवा तसा नसेल तर एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर कशानं सुधारलं ते कळणार नाही. काय बदललंत ते नमुन्याच्या मागे मार्करनं लिहा.

१८. चौदापासून पुन्हा करा. एवढी तयारी असेल तर दोन-तीन नमुन्यांत जमतं.

१९. नमुना पसंत पडला की बाराव्या-तेराव्या पायरीची सेटिंग्ज प्रिंटरमध्ये नाव देऊन साठवा. नावात कागद लिहा. कागद बदलला की ती चालणार नाहीत.

२०. आता पूर्ण फोटो छापा.