समुद्रातला दिवा

आपल्या जालन्यापासून समुद्र फार लांब. तरी मुंबईच्या दीपस्तंभाची माहिती ऐकण्याजोगी आहे.

कुलाब्याच्या टोकापुढे समुद्रात खडक आहेत. भरतीला ते पाण्याखाली दडतात. रात्री जहाज त्यांवर आपटलं, तर तळ फुटलाच! म्हणून १८७५ साली तिथे 'प्राँग्ज' दीपस्तंभ उभा राहिला. दिवा वाट दाखवतो, असं आपण म्हणतो. हा दिवा सांगतो, 'इकडं येऊ नका.'

पूर्वी असे दिवे तेलावर जळत. आता वीज आहे. दिव्याभोवती मोठी भिंगं असतात. ती चहूकडे पसरणारा उजेड एकवटून लांब फेकतात.

आम्हांला मोठं नवल वाटतं ते पुढंच. अंधारात खलाशी दिवा ओळखतो कसा? तो दोन चमकांमधले सेकंद मोजतो आणि यादीत पाहतो. दक्षिणेला खांदेरीच्या किल्ल्यात १८६७ चा दीपस्तंभ आहे. दोन्ही दिवे सारखेच चमकले, तर खलाशी फसेल.