केकसाठी चॉकलेटची पारख

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील एक मोठे व्यापारी केंद्र आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या प्रदेशात नांदत आली आहेत. घरी केक करणाऱ्यास लागणारे मैदा, साखर, लोणी हे जिन्नस येथे सहज मिळतात. खरी पारख लागते ती चॉकलेटची. या बाबतीत अडचणी दोन आहेत. एक म्हणजे, दिसण्यात सारखे पण घडणीत भिन्न असे दोन पदार्थ बाजारात शेजारी शेजारी मांडलेले असतात; आणि दुसरी, येथील उन्हाळा.

कोकोच्या बिया आंबवून, वाळवून व भाजून दळल्या म्हणजे दाट लगदा तयार होतो. त्याचा सुमारे निम्मा भाग स्निग्ध असतो. त्यालाच कोकोचे लोणी म्हणतात. लगदा दाबून हे लोणी वेगळे केले असता उरलेल्या पेंडीपासून कोको पूड मिळते. भारतात कोकोची लागवड मुख्यतः केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांत होते. कर्नाटकातील पुत्तूर येथे कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना 1986 साली सुरू झाला.

कोकोचे लोणी सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणूनच चांगले चॉकलेट जिभेवर विरघळते. परंतु ते महाग असते. 'कंपाउंड' या नावाने विकल्या जाणाऱ्या वड्यांत त्याऐवजी स्वस्त वनस्पतिजन्य चरबी वापरलेली असते. तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे हा पहिला नियम होय. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. कोकोचा लगदा आणि कोकोचे लोणी यांची नावे असतील, तर ते खरे चॉकलेट. साखरेपाठोपाठ हायड्रोजनेटेड वनस्पती चरबीचे नाव आढळले, तर तो पदार्थ निराळा समजावा. वेष्टनावर 55 टक्के असा आकडा असल्यास तो लगदा व लोणी मिळून होणाऱ्या कोकोच्या अंशाचा असतो. गडद चॉकलेटमध्ये उरलेला भाग बहुतेक साखरेचाच असतो. म्हणून अधिक टक्क्यांचे चॉकलेट घेतल्यास केकमधील साखरेचा विचार पुन्हा करावा लागतो.

रायपुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा वेळी वाटेत किंवा दुकानात वितळून पुन्हा गोठलेल्या वडीवर पांढुरका थर दिसतो. ती बुरशी नव्हे. लोणी पृष्ठभागावर येऊन गोठल्याची ती खूण होय. अशी वडी सजावटीस शोभत नाही, पण वास शुद्ध असल्यास मिश्रणात वितळवून वापरता येते. खरेदी शक्यतो सकाळी, थंड जागेत माल ठेवणाऱ्या दुकानातून, गरजेपुरतीच करावी. शीतकपाटात ठेवताना वडी हवाबंद डब्यात ठेवावी आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. उघडल्यास वडीवर दव धरते. वितळवताना पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट व रवाळ होते.

कंपाउंड सर्वस्वी टाकाऊ मानण्याचे मात्र कारण नाही. उन्हाळ्यात वरच्या नक्षीसाठी ते अधिक काळ टिकते. केकच्या आतील चवीसाठी मात्र खरे चॉकलेटच घ्यावे; ते परवडत नसेल, तर चांगली कोको पूड आणि लोणी यांचा मेळ कंपाउंडपेक्षा सरस ठरतो.