फ्रिजमध्ये गोठलेला कोकीतो

प्रश्न : गेल्या डिसेंबरात मी न्यू जर्सीला मुलीकडे होते. शेजारचे कुटुंब पोर्तो रिकोचे. नाताळाच्या आधी त्यांनी 'कोकीतो' नावाच्या पेयाची बाटली आणून दिली. नारळाचे दूध, आटीव दूध, दालचिनी आणि रम असे त्यात असते म्हणाले. आले तेव्हा बासुंदीसारखे होते. रात्रभर फ्रिजमध्ये राहिले, तर वर पांढरा कडक थर बसला आणि बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. दारूने दूध फाटले असे ठरवून आम्ही ते ओतून दिले. ते खरेच नासले होते का? यंदा पुण्यात करून पाहायचे आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : नासले नव्हते, बाई. चांगली बाटली हकनाक मोरीत गेली. त्याचे कारण तुमच्या न्हाणीघरातच सापडेल. पुण्यात थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते आणि आपण ती उन्हात नाहीतर कोमट पाण्यात ठेवतो. ते तेल नासले असे कोणी म्हणत नाही. नारळाची चरबी साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते आणि फ्रिजमध्ये असतात जेमतेम 4 अंश. कोकीतोत ही चरबी भरपूर. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून उभ्या बाटलीत वर येते आणि तिथेच थिजते. सोलकढी थोडा वेळ ठेवली की वर दाट थर आणि खाली गुलाबी पाणी होते ना, त्यातलाच हा प्रकार. इथे त्यावर गारठ्याची भर पडली. बाटली कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून खळखळून हलवली असती, तर पेय पुन्हा वाहते झाले असते.

आता 'दारूने दूध फाटते' हा समज. दूध फाटते ते मुख्यतः आंबटपणाने. ताज्या दुधाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 6.6 च्या आसपास असतो, तो 4.6 कडे उतरला की त्यातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून गाठी होतात. लिंबू किंवा वाइन आंबट, म्हणून त्यांनी दूध फाटते. रम आंबट नसते. नुसत्या अल्कोहोलनेही केसीन विस्कटू शकते, पण त्याला मात्रा बरीच लागते. दूध संकलन केंद्रांवर हीच गोष्ट तपासणीसाठी वापरतात : दूध आणि 68 टक्के अल्कोहोल समसमान घेऊन हलवायचे. ताजे, चांगले दूध तेवढे सोसते. आंबायला लागलेल्याच्या लगेच गुठळ्या होतात. त्या मिश्रणात अल्कोहोल चौतीस टक्के. कोकीतोत ते सात-आठ टक्के. तेव्हा ताज्या दुधाला रमची भीती नाही.

दुसरा गोंधळ एगनॉगचा. कोकीतोला 'पोर्तो रिकोचे एगनॉग' म्हणतात, त्यामुळे त्यात कच्चे अंडे असणार असे अनेकांना वाटते. बहुतेक घरांत ते नसते. इंग्लंड-अमेरिकेच्या एगनॉगला दाटपणा येतो अंड्याच्या बलकाने. इथे ते काम नारळ करतो. काही घरी बलक घालतातही. तुम्ही घातलात तर दुधाबरोबर मंद आचेवर 71 अंशांपर्यंत तापवून घ्या. रमने अंड्यातले जंतू लगेच मरतात यावर विसंबू नका.

स्पॅनिश भाषेत 'कोको' म्हणजे नारळ आणि 'कोकीतो' म्हणजे छोटा, लाडका नारळ. पण नारळ हे कॅरिबियन बेटांचे मूळ झाड नव्हे. पोर्तुगीजांनी ते हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डेला नेले आणि सोळाव्या शतकात तिथून ते कॅरिबियनमध्ये पोचले. अटलांटिककडच्या नारळांचा वंश आपल्या बाजूच्या नारळाशी जुळतो, हे जनुकांच्या अभ्यासातही दिसले आहे. तुमच्या शेजाऱ्यांच्या बाटलीत आपल्या किनाऱ्याचे दूरचे नाते होते, याचा मला फार आनंद वाटतो.

आता कृती. नारळाचे डब्यातले घट्ट दूध 800 मिली, गोड कंडेन्स्ड मिल्क 400 ग्रॅम, बिनसाखरेचे आटीव दूध 350 मिली, पांढरी रम 300 मिली. आटीव दुधाचा डबा मिळाला नाही तर सुमारे 900 मिली दूध आटवून तेवढे करा. तिकडे बरेच जण गोड केलेली नारळाची मलईही घालतात. ती मिळाली तर थोडे नारळाचे दूध कमी करून घाला, पण गोडी वाढेल हे लक्षात असू द्या.

मसाल्यात घाई नको. थंड मिश्रणात दालचिनीची पूड भुरभुरली तर ती तळाशी बसते आणि जास्त झाली तर पेय बुळबुळीत होते. त्याऐवजी आटीव दुधात दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि आल्याची चकती घालून ते तापवा, झाकून निवू द्या आणि गाळा. या मसाल्यांचा सुगंध पाण्यापेक्षा स्निग्धात चांगला उतरतो, म्हणून दूधच वापरायचे. जायफळ मात्र शेवटी, ताजे किसून. श्रीखंडात घालता तितक्याच हलक्या हाताने. गाळलेल्या दुधात नारळाचे दूध आणि कंडेन्स्ड मिल्क मिसळा. सगळे थंड झाल्यावर रम घाला, मिक्सरमधून एकदा फिरवा आणि बाटलीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या. मुलांसाठी रम घालण्यापूर्वीच वेगळी बाटली भरून ठेवा आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावा.

हे पेय बिअरपेक्षा कडक असते, पण गोडव्यामुळे ते जाणवत नाही. म्हणून तिकडेही लहान पेल्यातच देतात. 60 मिली पुरे.

पोर्तो रिकोत नाताळाचा सण 6 जानेवारीच्या, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या, दिवसानंतरही चालतो आणि त्या काळात अशा बाटल्या घरोघर फिरत असतात. तुम्ही मात्र ओला नारळ खवून घरीच दूध काढणार असाल, तर दोन-तीन दिवसांत संपवा; ते लवकर आंबते. झाकण उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला, तर ती बाटली जरूर ओतून द्या.