टिंबापुढचे आकडे



हंगाम सुरू झाला की खेपांच्या पावत्या घरात साठू लागतात. पूर्वी त्या खिळ्याला टोचून ठेवत आणि हिशेब पोराच्या जुन्या वहीत मांडत. आता पुष्कळ घरांत मुले-मुली हा हिशेब मोबाईलवर किंवा संगणकावर एक्सेलमध्ये ठेवतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या नव्या वहीची एक खोड आहे. ती माहीत नसेल तर भल्या माणसालाही वाटते की आपला ऊस काट्यावर मारला गेला.

समजा, पावतीवर वजन आहे ९.८६० टन. मुलीने ते जसेच्या तसे एक्सेलच्या घरात, म्हणजे सेलमध्ये, लिहिले. पुढच्या घरात गेली तोवर मागे दिसू लागले ९.८६. शेवटचे शून्य गायब. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच. पण वडिलांनी वाचले, "नऊ टन शहाऐंशी किलो." पावतीवर तर नऊ टन आठशे साठ किलो. झाले, ७७४ किलोचा घोळ! आणि घोळ ना काट्याचा, ना मुलीचा.

आपल्या तोंडी हिशेबात हे बरोबर बसलेले आहे. साडेनऊ टन म्हटले की कोणी नऊ टन पाच किलो समजत नाही. साडेनऊ म्हणजे ९.५, आणि ९.५ म्हणजेच ९.५००. टनाचे किलो करायचे तर टिंबापुढे तीन घरे भरलीच पाहिजेत. एक टन म्हणजे हजार किलो, म्हणून तीन. रुपयाचे पैसे शंभर, म्हणून तिथे दोन.

आता उपाय. वजनाचा पूर्ण रकाना निवडावा. कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबावीत. समोर येणाऱ्या चौकटीत 'नंबर' निवडून 'डेसिमल प्लेसेस' पुढे ३ लिहावे. नाहीतर वरच्या पट्टीवर शून्ये आणि बाण काढलेली दोन लहान बटणे असतात. एकाने टिंबापुढचा आकडा वाढतो, दुसऱ्याने कमी होतो. एवढे केले की ९.८६० हे ९.८६० असेच दिसेल.

एक काळजी घ्यावी. घरात आकड्यापुढे 'टन' हा शब्द हाताने लिहू नये. लिहिला की संगणक त्याला आकडा न समजता अक्षर समजतो आणि रकान्याची बेरीज करताना ती खेप चक्क वगळतो. रकान्याच्या डोक्यावर एकदा 'वजन, टन' लिहावे, पुरे झाले.

आता मुख्य मुद्दा. घरात दिसते ते एक आणि घरात असते ते दुसरे. टिंबापुढचे आकडे कमी केले म्हणून वजन कमी होत नाही, फक्त झाकले जाते. तीन खेपा घेऊ: १२.३६०, ९.८६० आणि १४.२६०. बेरीज ३६.४८० टन. आता कोणी टिंबापुढे एकच आकडा ठेवला, तर दिसेल १२.४, ९.९ आणि १४.३, आणि खाली बेरीज ३६.५. पेन्सिलीने बेरीज करून पाहा, ३६.६ येते. शंभर किलो कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. संगणकाने बेरीज केली ती झाकलेल्या खऱ्या वजनांची, आणि आपण केली ती दिसणाऱ्या आकड्यांची.

पैशातही तेच. भाव टनाला ३,१५५ रुपये धरू. खऱ्या वजनाचे होतात १,१५,०९४ रुपये ४० पैसे. दिसणाऱ्या ३६.५ ला भावाने गुणले तर १,१५,१५७ रुपये ५० पैसे. फरक ६३ रुपये १० पैशांचा. एवढ्यावरून गट ऑफिसात आवाज चढायला वेळ लागत नाही!

पैशाच्या रकान्यात मात्र नुसते झाकून भागत नाही. १२.३६५ टनाला ३,१५५.५० रुपये भावाने ३९,०१७.७५७५ रुपये होतात. पडद्यावर ३९,०१७.७६ दिसते, पण घरात चारही आकडे बसलेले असतात. बँक काही पाव पैसा देत नाही. म्हणून रक्कम काढतानाच 'राउंड' हे सूत्र वापरून ती खरोखरच दोन आकड्यांवर आणावी. नाहीतर एका ओळीत अर्ध्या पैशापर्यंत फरक राहतो, पाच हजार ओळींत तो २५ रुपयांपर्यंत जाऊ शकतो. थोडक्यात, वजन कधी तोडू नये. रक्कम एकदाच, शेवटी, पैशावर आणावी.

तिसरा रकाना उताऱ्याचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे, आणि शंभर टनांना ३,४६० रुपये! अशा ठिकाणी टिंबापुढे एकच आकडा ठेवला तर १०.२५ सुद्धा १०.३ दिसतो आणि १०.३४ सुद्धा १०.३. टक्क्याचे बटण तर आणखी फसवे. घरात ०.१०२५ असताना ते दाबले की नुसते १० टक्के दिसते, आणि १०.२५ असताना दाबले तर १०२५ टक्के! म्हणून उताऱ्यालाही दोन आकडे हवेतच.

घरात आकड्याऐवजी #### अशी जाळी दिसली तर घाबरू नये. रकाना अरुंद झाला आहे, तो ओढून रुंद करावा. आकडा आत सुखरूप असतो.

तेव्हा वजनाला तीन, रुपयाला दोन, उताऱ्याला दोन, एवढे घरातल्या मुलांना सांगून ठेवावे. बिलाची पट्टी हाती आली की आधी आपल्या वहीत टिंबापुढचे आकडे पुरे उघडावेत आणि मगच ताळा घ्यावा. बहुतेक फरक तिथेच मिटतील. आणि सगळे आकडे उघडूनही फरक उरला, तर तो खरा फरक समजावा. मग पावत्या घेऊन निःसंकोच ऑफिसात यावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये. कारखाना आपला आहे, तसा हिशेबही आपलाच आहे.