रिकामा रकाना

मला कामावरून काढलं त्याला आता आठ महिने झाले. नऊ दिवसांचा पगार अजून यायचा आहे. तो मागायला मी गेले नाही, कारण त्या इमारतीच्या पायऱ्या पुन्हा चढायची माझी इच्छा नाही. पण झालं ते लिहायचं ठरवलं. आमच्या, म्हणजे पेशंट सांभाळणाऱ्या मावशींच्या कामात रोज नव्या मुली येतात. गावाकडून येतात, ब्युरोवाला दोन दिवस कोणाच्या तरी मागे उभं करतो आणि तिसऱ्या रात्री पंधरा-वीस म्हातारे जीव त्यांच्या हवाली होतात. त्यांना हे सांगणारं कोणी नसतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी नवखी नव्हते. चौदा वर्षं झाली होती या कामाला.

ज्या पेशंटवरून मला काढलं ते आजोबा वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होते. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, नाकातून नळी. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस. सगळं शरीर सुकलं तरी पोटऱ्या तेवढ्या घट्ट होत्या. काही हवं असलं की डाव्या हातातली अंगठी खाटेच्या कठड्यावर वाजवायचे. एकदा वाजली की तोंड कोरडं पडलंय, ओला कापूस फिरवायचा. दोनदा वाजली की डायपर. हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. दिवसपाळीला मी दोनदा सांगितलं, पण तिथे कोणाला ऐकायला वेळ नव्हता.

मंगळवारी रात्री डायपर बदलताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. बोटाने दाबून पाहिला. चांगली कातडी दाबली की पांढुरकी पडते आणि बोट काढलं की रंग परत येतो. ही पांढरी पडलीच नाही. हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम लागली. मी लगेच सिस्टरकडे गेले. त्या गोळ्यांचे डबे भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पावडर लावा मावशी, सकाळी बघू.”

इथे माझीही एक चूक झाली, ती सांगून टाकते. मी त्या जागेवर खोबरेल तेल लावून चांगलं चोळलं. आमच्या घरी आजी अंथरुणाला खिळलेली असताना आई असंच करायची. आता ज्या ठिकाणी काम करते तिथल्या सिस्टरनी मला समजावलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लाल झालेली जागा आतून आधीच दबलेली असते, तिथे रक्त नीट पोचत नसतं. वरून चोळलं की आतलं आणखी तुटतं. मायेने केलं, पण नुकसान केलं. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: लाल जागेवर चोळायचं नाही. तेल नाही, पावडर नाही. त्या जागेवरचा भार काढायचा, बस.

गुरुवारी सकाळी आजोबांना स्कॅनसाठी हॉस्पिटलात नेलं. साडेदहाला ॲम्ब्युलन्स निघाली ती दुपारी साडेचारला परत आली. सहा तास स्ट्रेचरवर, उताणे. हे मला रात्री आठला ड्युटीवर गेल्यावर गेटवरच्या मामांनी सांगितलं. त्या रात्री चट्टा जांभळट झाला होता. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तोंडी.

शुक्रवारी रात्री पावणेदोनला सात नंबरच्या आजी बाथरूमकडे जाताना पडल्या. पडलेल्या माणसाला ओढून उठवायचं नसतं. आधी जागेवर ठेवून विचारायचं, पाय वाकडा किंवा आखूड दिसतोय का बघायचं, सिस्टरला बोलवायचं. मी तसंच केलं. आजींचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होते. दुसरी मावशी त्या रात्री आली नव्हती. एकोणीस खाटा आणि मी एकटी. आजींना नीट झोपवून, बाकीच्यांना बघून आजोबांपर्यंत पोचायला साडेतीन वाजले. पोचल्याबरोबर त्यांची कूस बदलली. कूस बदलल्याच्या तक्त्यात दोनचा रकाना रिकामा ठेवला, कारण दोनला मी ते काम केलं नव्हतं. सकाळी सगळ्यांना ठाऊकच होतं की रात्री काय झालं, मग आणखी काय लिहायचं, असं मला वाटलं.

रविवारी आजोबांच्या कन्या, आमच्या ताई, आल्या. त्यांनी स्वतः चादर बाजूला केली, तर कातडी फुटलेली.

सोमवारी सकाळी ड्युटी संपल्यावर मला ऑफिसात बोलावलं. साहेब, इन्चार्ज सिस्टर आणि ताई बसलेल्या. मला कोणी खुर्ची दिली नाही. रात्रभर उभी होते, आणखी अर्धा तास उभी राहिले. साहेबांनी फाईल माझ्यासमोर फिरवली आणि शुक्रवारच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. “हे काय आहे? वाचता येतं ना मावशी?” मी बारावी झाले आहे. मी म्हटलं, आजी पडल्या होत्या. ते म्हणाले, “इथे कुठे लिहिलंय?” मी म्हटलं, मंगळवारी सिस्टरना चट्टा दाखवते म्हटलं होतं. त्या सिस्टर तिथे नव्हत्याच. इन्चार्ज म्हणाल्या, “तशी काही नोंद नाही.”

मग माझी नजर त्याच पानावर वर गेली. गुरुवार. बारा वाजता डावी कूस, बरोबरची खूण. दोन वाजता उजवी, खूण. चार वाजता उताणे, खूण. सगळ्या एकाच पेनाने, एकाच तिरप्या हाताने, जणू रांगोळीचे ठिपके ओळीने टाकावेत तशा. आणि त्या वेळी आजोबा त्या खाटेवरच काय, त्या इमारतीतही नव्हते.

मी विचारलं, “साहेब, गुरुवारी दुपारी आजोबा होते कुठे?”

ताईंनी मान वर केली. साहेबांनी फाईल मिटली. “विषय तो नाही,” म्हणाले.

त्या क्षणी मला कळलं, आणि अजूनही रात्री जाग आली की तेच डोळ्यांपुढे येतं. मी खरं लिहिलं म्हणून माझा रकाना रिकामा होता. दिवसपाळीने न बघता भरले म्हणून त्यांचे रकाने भरलेले होते. बाहेरून बघणाऱ्याला भरलेला रकाना दिसतो, माणूस दिसत नाही.

जाता जाता इन्चार्ज सिस्टरनी ऐकवलं की फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेच लिहून ठेवलंय, अंथरुणाची जखम झाली तर दोष आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. ते वाक्य मला फार लागलं. माझी भाची जीएनएमला आहे, तिला मी ते पुस्तक शोधायला लावलं. १८६० च्या सुमाराचं पुस्तक आहे. तसं त्यात आहे, खरं आहे. पण लगेच पुढे हेही आहे की याचा अर्थ दर वेळी दोष नर्सचाच असतो असं नाही. इमारत आणि कारभार वाईट असेल तर शुश्रूषा करणंच अशक्य होतं. आणि एक अख्खं प्रकरण याच्यावर आहे की तुम्ही तिथे नसताना तुमचं काम कसं होत राहील याची व्यवस्था लावणं हीच खरी जबाबदारी. इन्चार्ज सिस्टरनी मला फक्त त्यांच्या सोयीचं वाक्य सांगितलं.

सिस्टर लोकांना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर असतो. आम्हा मावशी-मामांची तिथे नोंद नसते. काही मुली आता जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करून येतात, ते चांगलंच आहे, जमेल तिने जरूर करावा. पण बाकी आमच्यामागे कोणी नाही. म्हणून आपलं आपल्यालाच सांभाळावं लागतं.

तर मुलींनो, लिहा. तोंडी सांगितलेलं सकाळी वाऱ्यावर जातं. ‘मंगळवार, रात्री ११.१०, माकडहाडावर लाल चट्टा, दाबून पांढरा होत नाही, गरम, सिस्टरना सांगितलं’ एवढं तक्त्याच्या शेवटच्या जागेत किंवा मागच्या पानावर लिहायचं आणि सिस्टरची सही मागायची. सही देत नसतील तर ‘सांगितलं’ एवढं तरी लिहायचंच. आपलं काम राहिलं तर रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि खोटा भरायचाही नाही. कारण लिहायचं: ‘२ वाजता नाही, ७ नंबर पडल्या, ३.३० ला केलं.’ मी हे एवढे शब्द लिहिले असते तर त्या ऑफिसात मला तसं उभं राहावं लागलं नसतं. पेशंटचा फोटो मात्र आपल्या फोनमध्ये काढायचा नाही, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. उघड्या अंगाचा तर नाहीच. व्हॉट्सॲपवर तो कुठून कुठे जातो कळत नाही, आणि त्या माणसाला आपण विचारलेलं नसतं.

चट्ट्याबद्दल आणखी. पुस्तकात लाल म्हणतात, पण आपल्याकडे बऱ्याच जणांचा रंग सावळा असतो, तिथे लाल दिसतच नाही. काळपट किंवा जांभळट दिसतं, कधी काहीच दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का, हात लावल्यावर पेशंट कण्हतोय का. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, डोक्याचा मागचा भाग, आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे. प्रत्येक डायपर बदलताना माकडहाड बघायचंच.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. एकदम आडवं, खुब्यावर झोपवायचं नाही. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, साधारण तीस अंश. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा गादीला टेकणारच नाहीत. टाचेखालून आपला हात सहज फिरला पाहिजे. आजोबांच्या टाचा शेवटपर्यंत शाबूत होत्या. ती उशी मी घरून आणली होती. मधे भोक असलेली हवेची रिंग कोणी आणली तर वापरू नका, ती भोकाभोवतीची कातडी दाबून रक्त अडवते. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, हे तर मी पन्नास वेळा ऐकलं असेल. एअर बेडवरसुद्धा बदलावीच लागते, आणि त्याची मोटर चालू आहे का हे रात्री हात लावून बघावं लागतं. वर सरकवताना ओढायचं नाही, खालच्या आडव्या चादरीला दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. एकटी असाल तर मामांना उठवा, रागावले तर रागावू दे.

नळीतून दूध-पेज देताना डोकं वर हवं आणि दिल्यावरही निदान अर्धा तास वर ठेवायचं, नाहीतर ते छातीत जातं. पण तसंच तासन्‌तास बसतं ठेवलं तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावर घासतो. त्यामुळे गुडघ्याखाली थोडी उशी द्या आणि वेळ झाली की डोकं खाली करा. नळी जागेवर आहे का हे तपासणं, इंजेक्शन देणं, गोळी कुटून नळीत घालणं ही सिस्टरची कामं. “मावशी, एवढं कराल का” म्हणून कोणी गोड बोललं तरी नाही म्हणा. बिघडलं की नाव तुमचंच येतं. युरिनची पिशवी खाटेपेक्षा खाली लटकवा, पण जमिनीला टेकवू नका. हात दर पेशंटनंतर धुवा. डायबेटिस असलेल्यांच्या पायाची नखं आपण कापायची नाहीत.

आणि पडदा ओढा. दहा खाटांच्या हॉलमध्ये भरदिवसा माणसाला उघडं करतात, मी पाहिलंय. तो काही बोलू शकत नाही म्हणून त्याला लाज नाही असं नसतं. आजोबांचा डायपर बदलताना मी आधी सांगायची, “आजोबा, आता कूस बदलते हं.” ते डोळे मिटायचे. मी त्यांना कधी ‘बाळा’ म्हटलं नाही. ज्या माणसाने गावोगावच्या दारात माणसांची सुखदुःखं पोचवली, त्याच्याशी बोबडं का बोलायचं? नळी काढतात म्हणून हात बांधणारेही पाहिलेत. नळी ओढणाऱ्या हातात मऊ कापडाचा गोळा द्या, जवळ बसा, सिस्टरला सांगा. स्वतःच्या मनाने बांधायचं नाही. पेशंटच्या घरच्यांनी पैसे दिले तर घेऊ नका. ताईंनी मला दिवाळीला साडी दिली होती, तीसुद्धा मी ऑफिसात सांगून घेतली होती. तेही त्या दिवशी कोणाला आठवलं नाही.

पगार वेळेवर मागा, ब्युरोच्या करारावर सही करण्याआधी वाचा, स्वतःची पाठ सांभाळा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते.

आता मी दुसरीकडे आहे. इथे तक्त्यात ‘कारण’ म्हणून वेगळा रकाना आहे आणि दिवसपाळीच्या सिस्टर सकाळी माझ्यासोबत एकेका खाटेपाशी येतात, चादर बाजूला करून पाठ बघतात, मग सही करतात. पंधरा मिनिटं जातात, फार तर वीस. तिथेही गेली असती वीस मिनिटं.

ताईंशी माझं पुन्हा बोलणं झालं नाही. त्यांच्या मनात मी आजोबांना तसंच पडू देणारी बाई आहे. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर एवढंच कळावं: शुक्रवारी रात्री दोनला मी आले नाही, हे खरं. साडेतीनला आले तेव्हा अंगठी दोनदा वाजली. मी डायपर बदलला, त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पोटरीखाली उशी सरकवली आणि ते झोपेपर्यंत कठड्याला धरून उभी होते.