चहाडी आणि कर्तव्य

शाळेंत 'चहाडखोर' हा शब्द ज्याच्या नांवाला एकदां चिकटला, त्याच्याशीं पुढें कोणी मोकळ्या मनानें बोलत नाहीं. या शब्दाचा धाक एवढा मोठा, कीं डोळ्यांदेखत अन्याय होत असतांही पुष्कळ भलीं मुलें मूग गिळून बसतात. म्हणून चहाडी कोणती व कर्तव्य कोणतें, याचा विवेक करणें अवश्य आहे.

शेजारच्या मुलानें तास चालू असतां चिंचा खाल्ल्या, हें गुरुजींच्या कानीं घालणें ही चहाडी होय. तिनें कोणाचें संकट टळत नाहीं. एकास शिक्षा व्हावी व आपणांस शाबासकी मिळावी, एवढाच तिचा हेतु. परंतु एखादा दांडगा मुलगा लहानग्यास मारून त्याचे खाऊचे पैसे रोज हिरावून घेत असेल, तर तें सांगणें चहाडी नव्हे. तेथें सांगणाराची दृष्टि दुर्बळाच्या रक्षणाकडे असते. मात्र हेतु शुद्ध असला तरी ऐकीव गोष्ट पदरची भर घालून सांगूं नये, आणि जो उपाय करूं शकेल त्यालाच सांगावी; चव्हाट्यावर बोभाटा करूं नये.

मोठेपणीं हेंच कर्तव्य अधिक कठीण होतें. सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर इंजिनियर, दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता या शहरांस जोडणाऱ्या महामार्गाच्या झारखंडमधील कामावर होते. त्या कामांतील गैरव्यवहार त्यांनीं २००२ सालीं पंतप्रधानांस पत्रानें कळविले व आपलें नांव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती पाळली गेली नाहीं. पत्र नांवासह कचेऱ्यांतून फिरलें. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें गोळी घालून त्यांचा खून झाला. तो लुटीसाठीं झाला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तथापि विश्वासानें सांगितलेलें नांव फुटलें, हा दोष त्यानें धुऊन जात नाहीं. या प्रकरणानें देशभर हळहळ उसळली. २००४ सालीं अशा तक्रारी घेण्याचें व तक्रारदाराचें नांव गुप्त राखण्याचें काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोंपविण्यांत आलें, आणि २०१४ सालीं अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला.

यावरून दिसेल कीं, सांगणाराइतकेंच ऐकणाराचेंही कर्तव्य आहे. पालकहो, मूल भीत भीत कांहीं सांगूं लागलें, तर 'चहाड्या करूं नकोस' म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. आधीं तें सर्व ऐकून घ्यावें, खरेंखोटें पडताळावें आणि त्याचें नांव आपल्या तोंडून बाहेर जाऊं देऊं नये. विद्यार्थ्यांनींही बोलण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: मी गप्प राहिलों, तर त्याची झळ कोणास लागेल? ती दुसऱ्या कोणास लागणार असेल, तर 'चहाडखोर' या शब्दाला भिऊन मागें सरूं नये.